अमावस्या सुटेपर्यंत

१४ मे २०२६, गुरुवार
वैशाख वद्य द्वादशी

घराच्या दर्शनी भिंतीवर आज फ्लेक्स लागला. वर गणपती, खाली माझं नाव आणि 'पंचांग व मुहूर्त मार्गदर्शन'. मुलानं, भरतनं, ओतूरहून छापून आणला. माझा एसटीतला खाकी शर्टातला फोटोही टाकलाय. मी म्हटलं, हा कशाला? तर सूनबाई अक्षदा म्हणाली, "राहू द्या की नाना. लोकं तुमाला असंच वळखत्यात."

खरं आहे ते. उभी नोकरी ओतूरच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून गेली. गाडी कधी लागणार, कधी सुटणार, हे लोक मलाच विचारायचे. आता लग्न कधी लावू, बोअर कधी घेऊ, ते विचारतात. दादाभाऊच्या बोअरपासून नाव झालं. त्याच्या आधीच्या बोअर कोरड्या गेल्या होत्या. नंतरच्या बोअरला मी दिवस काढून दिला आणि टोमॅटोला पुरून उरेल एवढं पाणी लागलं. तेव्हापासून तो भेटेल त्याला सांगतो, "नानांचा शब्द म्हंजे शब्द."

या आठवड्यात उसंत नाही. रविवारपासून अधिक महिना लागतोय, मग महिनाभर लग्न नाही, वास्तू नाही. ज्याला त्याला त्याआधीचा दिवस हवाय.

रोजचं पंचांग मी सांगतो आणि अक्षदा मोबाईलवर टाईप करून गावच्या ग्रुपवर टाकते. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण, सगळं तिला तोंडपाठ झालंय. आठवा महिना चालू आहे तिला. आई नाही बिचारीला, म्हणून पहिलं बाळंतपणही इथंच करायचं ठरलंय.

या संवत्सराचं नाव 'पराभव' आहे. पाडव्याला मी ते वाचून दाखवलं तेव्हा बायकोनं, सारजेनं, कानांवर हात ठेवले होते. अजून तरी सगळं बरं चाललंय.

१७ मे, रविवार
अधिक ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदा

अक्षदानं विचारलं, "नाना, हा महिना जादा का येतो?" मी तिला स्टँडच्या भाषेत सांगितलं. चंद्राची गाडी सूर्याच्या गाडीपेक्षा दरवर्षी थोडी लवकर पोचते. तीन वर्षांत फरक एवढा वाढतो की वेळापत्रक जुळवायला एक जादा गाडी सोडावी लागते. ती गाडी म्हणजे धोंड्याचा महिना. ज्या चांद्रमासात सूर्य रास बदलत नाही, तो अधिक.

ती खूप हसली. म्हणाली, "मंग या महिन्यात कुणी जन्मलं तर वाढदिवस कवा करायचा? जादा गाडी आल्यावर?"

असं विचारणारी पोर आहे. भरतनं कधी चार मिनिटं बसून माझं ऐकलं नाही.

एक गोष्ट मनाला लागली. तिच्या पायातली जोडवी घट्ट झाली होती, बोटं काळीनिळी पडली. सारजेनं साबण लावून काढली. सवाष्णीच्या पायातली जोडवी, तीही महिन्याच्या पहिल्याच दिवशी. मी सारजेला म्हटलं, एकादशीच्या आत मोठ्या मापाची आणून घाल.

२७ मे, बुधवार
अधिक ज्येष्ठ शुद्ध एकादशी

अक्षदाचे वडील सयाजीराव घोडेगावाकडून आले. भरतला धोंडे जेवायला बोलवायला आले होते. साधा माणूस. लेकीकडं बराच वेळ बघत राहिले.

"पावणं, पोरीचं तोंड सुजल्यागत वाटतंय मला."

मी म्हटलं, "अवो, तेज आलंय ते. मुलगा असला की असंच असतं."

"पायबी सुजल्यात. हिच्या आईचं असंच झालं व्हतं, धाकट्याच्या वक्ताला."

एवढं बोलून थांबले. धाकटा मुलगा तर त्यांना नाही. मी पुढं विचारलं नाही, शुभ महिन्यात कशाला जुनं उकरायचं.

सारजेनं मोठ्या मापाची जोडवी आणली होती. ती सुद्धा बसली नाहीत.

३ जून, बुधवार
अधिक ज्येष्ठ वद्य तृतीया, संकष्टी

मंचरच्या दवाखान्यात तपासणी झाली. रक्तदाब थोडा वर आहे म्हणे. गोळ्या दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं, आठवड्यानं परत बोलावलंय. भरत चाकणच्या कंपनीतून रजा काढून आला होता. येताना मंचरच्या बाजारातून बटाटे आणले, चांगले निघाले.

ओतूरच्या एका शाळामास्तरांनी लेकीच्या साखरपुड्याचं विचारलं. निज ज्येष्ठातला दिवस काढून दिला. लोक आता बाहेरगावाहून येतात. रात्री झोपताना बरं वाटतं.

१० जून, बुधवार
अधिक ज्येष्ठ वद्य दशमी

आज मंचरला मीही गेलो. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, बोलतात फटकन.

"रक्तदाब गोळ्यांनी आटोक्यात येत नाहीये. लघवीतून प्रोटीन जातंय. आजच ॲडमिट करा, उद्या सिझर करू. दिवस भरत आलेत, बाळाला अडचण नाही."

मी शांतपणे म्हटलं, "मॅडम, सिझरच करायचंय ना? मग पुढच्या गुरुवारी करू. अठरा तारखेला गुरुपुष्य आहे."

"त्याला आठ दिवस आहेत, आजोबा."

मी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. उद्या रेवती सुटून अश्विनी लागते, दोन्ही नक्षत्रांना शांती करावी लागते. शुक्रवारी भरणी, तिची देवता यम. मग चतुर्दशी, मग अमावस्या. अमावस्येबरोबर अधिक महिना संपतो. त्यानंतर पुष्य येतं ते नेमकं गुरुवारी. वर्षात असे दिवस थोडेच. जन्माची वेळ माणसाच्या हातात कधी नसते. देवानं ती आपल्या हातात दिली, तर वाईट का निवडायची?

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्या पंचांगात तिचा रक्तदाब लिहिलाय का?"

मला ते लागलं. सूनबाई खाली मान घालून बसली होती. भरत एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होता. शेवटी म्हणाला, "नाना, तुमी म्हणताल तसं."

आमच्या जबाबदारीवर घरी आणली. निघताना डॉक्टरीणबाई मागं मागं येऊन काय काय सांगत होत्या, डोकं दुखलं तर, डोळ्यांना काही झालं तर, पोटात वर दुखलं तर लगेच या, असं. सगळ्यांनाच सांगत असतील. खाटा भरायच्या असतात त्यांना.

गाडी नारायणगावला आली. अक्षदा म्हणाली, "नाना, अठरापतुर जमंल का मला?"

मी म्हटलं, "बाळा, पुष्य म्हणजे पोसणारं नक्षत्र. तुझं वाईट होईल असा दिवस मी काढीन का?"

"न्हाई," ती म्हणाली. "तुमी काढणार न्हाई."

१२ जून, शुक्रवार
अधिक ज्येष्ठ वद्य द्वादशी

ग्रुपवर आज माझी शोभा झाली. पंचांगात 'द्वादशी'चं 'दशमी' पडलं होतं आणि वारही चुकला होता. लोकांनी हसण्याचे बाहुले टाकले. मी अक्षदाला थोडं रागावून बोललो.

ती म्हणाली, "नाना, अक्षरं दोन-दोन दिसत्यात. मधीच चांदण्या चमकल्यावानी व्हतंय."

सारखा मोबाईल बघून डोळे जाणारच. मी तिच्या हातातून तो काढून घेतला. ग्रुपचं काम गुरुपुष्यापर्यंत मीच करीन. एका बोटानं टाईप करायला फार वेळ लागतो, तिची किंमत आज कळली.

सारजेनं तिच्या कपाळावर सुंठ उगाळून लावली. अक्षदा डोकं दुखतंय म्हणाली.

१४ जून, रविवार
अधिक ज्येष्ठ वद्य चतुर्दशी, दुपारपासून अमावस्या

भरत सुट्टीला घरी आहे आणि घरात जरा वादावादी झाली.

अक्षदाला सकाळपासून उलट्या होतायत. छातीच्या खाली, उजव्या अंगाला दुखतंय म्हणते. सारजा म्हणाली पित्त आहे, जिऱ्याचं पाणी दिलं, तेही पडलं. चेहरा इतका सुजलाय की डोळे बारीक दिसतात. आरशात बघून ती स्वतःच हसली. "नाना, वळखू येती का मी?"

दुपारी भरत गाडीची किल्ली घेऊन उठला. "मी हिला मंचरला नेतो."

मी म्हटलं, "अमावस्या लागलीय. भरल्या पोटाच्या बाईला आज उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. आणि तिथं नेली की ते कापणारच. अमावस्येच्या पोटी लेकरू जन्माला घालायचंय का तुला? तेही मलमासात?"

"नाना, तिला त्रास व्हतोय."

"बाळंतपणात त्रास होतो. तुझ्या आईला विचार."

भरतनं किल्ली खुंटीला लावली आणि मागं पडवीत जाऊन बसला. मलाही वाईट वाटलं. मी त्याच्या जवळ गेलो आणि एक पायरी खाली उतरलो. गुरुपुष्याचा हट्ट सोडला. म्हटलं, "अमावस्या उद्या सकाळी सुटते. ती सुटली, राहुकाळ टळला, की नऊला निघू. डॉक्टर म्हणतील ते करू. एका रात्रीनं काय होतंय?"

तो म्हणाला, "नऊला नक्की ना?"

मी म्हटलं, "माझी गाडी कधी उशिरा सुटलीय का?"

१६ जून, मंगळवार
निज ज्येष्ठ शुद्ध द्वितीया

काल लिहिता आलं नाही. आज क्रमानं लिहितो, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल.

काल सकाळी अक्षदा उठून बसली होती. सारजेनं तिची वेणी घातली, पिशवी भरली. भरतनं गाडी दारात लावली, तोंड रस्त्याकडं करून. मी ओसरीवर पंचांग घेऊन बसलो होतो. अमावस्या साडेआठच्या सुमारास सुटणार होती, राहुकाळ नऊपर्यंत होता. भरत सारखा येऊन विचारत होता. एकदा तर म्हणाला, "नाना, आता?" मी म्हटलं, "अजून थोडं."

अमावस्या सुटली तेव्हा मी हात जोडले. तेवढ्यात आतून सारजा ओरडली.

अक्षदा खाली पडली होती. दातखीळ बसलेली, डोळे वर, सगळं अंग ताठ होऊन झटके देत होतं. तोंडाला फेस. सारजेनं कांदा फोडून नाकाशी धरला. भरत तिला उचलायला बघत होता, पण ती त्याच्या हातात राहत नव्हती. मग एकदम ढिली पडली. आम्ही तिला गाडीत घातली. मी घड्याळ बघितलं नाही, एवढं खरं.

आळेफाट्याच्या अलीकडं परत झटका आला. नारायणगावच्या पुढं कांद्याच्या ट्रकांची रांग लागली होती. भरत हॉर्नवरचा हात काढत नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई धावत आल्या. मला बघितलं आणि तशाच अक्षदाकडं वळल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. लगेच आत घेतलं. दुपार व्हायच्या आत मुलगी झाली. लहानशी आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय, पण रडली.

अक्षदा शुद्धीवर आली नाही. मेंदूत रक्तस्राव झालाय म्हणाले. ॲम्ब्युलन्सनं पुण्याला मोठ्या दवाखान्यात हलवलं. भरत आणि सयाजीराव तिच्याबरोबर आहेत. मी आणि सारजा बाळापाशी.

बाळाची तिथी पाहिली. सवयीनं पाहिली. प्रतिपदा काल सकाळी सूर्य उगवल्यानंतर लागली आणि आज सूर्य उगवायच्या आत संपली. हिला क्षयतिथी म्हणतात. सूर्योदय न पाहिलेली तिथी. पंचांगात तिला स्वतःचा दिवस नसतो. सोमवार अमावस्येचा, मंगळवार द्वितीयेचा, मधल्या दाराआड ही पोर जन्मली.

जन्मवेळ अमावस्येत नाही, अधिकातही नाही. तेवढं तरी टळलं. हे मी सारजेला सांगितलं. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं स्टँडवर परकं कुणी तरी बघतं.

१९ जून, शुक्रवार

बुधवारी सकाळी पुण्याला अक्षदा गेली. दुपारनंतर घरी आणली. सयाजीराव तिच्या पायांशी बसून होते. पायांची सूज उतरली होती. त्यांनी तिच्या बोटांत जोडवी घातली, ती आता सैल झाली होती.

काल गुरुपुष्य होता. मी दिवसभर ओसरीवर बसून होतो आणि माणसं येत होती.

दादाभाऊ माझ्याजवळ येऊन बसला. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "नाना, तुमी गुरुवार सांगितला व्हता ना? आदीच कापली डॉक्टरनं. मुहूर्त हुकला, दुसरं काय." आजूबाजूची माणसं माना हलवत होती. एक जण म्हणाला, "नानांचं आईकलं असतं तर पोरगी वाचली असती."

खरं लिहायचं तर, त्या वेळी मला थोडा आधार वाटला.

भरत दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्यानं ते ऐकलं. माझ्याकडं बघत राहिला, मी आता काय बोलतो म्हणून. मी काही बोललो नाही, तेव्हा तो आत गेला.

२८ जून, रविवार

दहावा झाला. बाळाला दवाखान्यातून सोडलं, ते सयाजीरावांच्या बहिणीनं थेट घोडेगावाकडं नेलं. भरत आज कपडे न्यायला आला होता. चाकणची खोली सोडून सासऱ्यांकडं राहणार आहे, तिथून कामावर जाईल.

मी सगळं पुन्हा तपासलंय. दोन पंचांगं समोर ठेवून तपासलंय. नक्षत्रं बरोबर होती, अमावस्येची वेळ बरोबर होती, राहुकाळ बरोबर होता. गणितात माझी कुठंही चूक नाही. मी ते भरतला दाखवायला गेलो.

त्यानं पिशवी खाली ठेवली. आवाज चढवला नाही.

"नाना, त्या दिवशी सकाळी तुमी बाहेर बसला व्हता. अक्षदा आतून तुमाला हाका मारत व्हती. काय म्हणत व्हती, आठवतंय का?"

मला हाका ऐकू आल्या होत्या. तीनदा तरी. काय म्हणत होती ते मी ऐकलं नाही. मी म्हटलं होतं, "आलो, थोडं थांब."

"तिला काय दिसत नव्हतं," भरत म्हणाला. "सगळं काळं झालं व्हतं. 'नाना, उजाडलं का?' असं इचारत व्हती."

पिशवी उचलून तो गेला. मुलीचं नाव काय ठेवणार, हे विचारायचं राहिलं. मला विचारायचा अधिकार आहे का, ते कळत नाही.

२ जुलै, गुरुवार

सुतक संपलं. रविवारपासून सारजा माझ्याशी कामापुरतं बोलते. वटपौर्णिमेला वडाकडं गेली नाही.

भिंतीवरचा फ्लेक्स काढायला स्टूल घेऊन बाहेर गेलो, तर दादाभाऊ गाडी लावून येताना दिसला. स्टूल खाली ठेवलं.

ओसरीवर बसला, पाणी प्यायला, इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "नाना, आमच्या आरोहीचे दिवस भरत आल्यात. माहेरीच हाय ती. काल तपासायला नेली व्हती. डॉक्टर म्हणतोय बीपी वाढलंय, दोन दिसांत सिझर करू. मी म्हनलं, आदी नानांकडनं दिवस घेऊन येतो. तुमच्या घरी जे झालं ते डोळ्यानं बघितलंय. मुहूर्त हुकवायचा न्हाई आपल्याला."

सारजा आतून आली. पदर खोचलेला, हात पिठाचे. ती माझ्या गिऱ्हाइकांपुढं कधी येत नाही. म्हणाली, "दादाभाऊ, पोरीचं पाय सुजल्यात का?"

"सुजल्यात की, वयनी. तोंडबी."

"मंग हितं बसू नका. उठा आन आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या तिला."

दादाभाऊनं मान हलवली, पण तिच्याकडं पाहिलंच नाही. माझ्याकडं बघत राहिला. सारजाही माझ्याकडंच बघत होती.

मी उठलो आणि आत आलो. त्याला वाटलं, पंचांग आणायला गेलो. दार लोटून हे लिहितोय.

काय बोलायचं ते मला माहीत आहे. बाहेर जाऊन म्हणायचं, दादाभाऊ, मुहूर्त हुकला म्हणून नाही गेली माझी सून. मी थांबवली म्हणून गेली. एवढं साधं वाक्य आहे. उभी हयात माईकवरून गाड्या पुकारल्या, आणि एवढं वाक्य ओठावर येत नाही. ते बोललो की गावात माझं काही उरणार नाही. आणि नाही बोललो, तर आरोही.

अजून लिहीतच बसलोय.

बाहेरून दादाभाऊचा आवाज आला. "नाना, घाई न्हाई बरं का. सावकाश बघा."